संशयाचा फायदा

निकाल ऐकून भागूबाई व्हरांड्यात आली. आत न्यायाधीश बरंच काही बोलले होते, पण तिच्या कानात 'निर्दोष' एवढा एकच शब्द अडकला होता. समोर तिचा जावई धम्मदीप लोकांना मिठ्या मारत होता.

"म्हंजे माझ्या करुणानं आपल्या हातानं जीव दिला व्हय?" तिनं सरकारी वकील प्रियदर्शनी मॅडमना विचारलं.

"तसं नाही म्हटलं कोर्टानं. त्याला संशयाचा फायदा दिलाय. त्यानं विहिरीत ढकललं असेल अशी शंका आहे, पण नुसत्या शंकेवर शिक्षा देता येत नाही. सखुबाई फितूर झाली आणि आपण हरलो."

"फितूर?"

"पोलिसांना एक सांगितलं, कोर्टात भलतंच बोलली."

करुणाच्या शेजारच्या सखुबाईनं विहिरीवरची झटापट डोळ्यांनी पाहिली होती. मातीच्या दिवशी भागूबाईच्या गळ्यात पडून तिनंच सगळं सांगितलं होतं. कोर्टात मात्र म्हणाली, "मी तवा गावातच नव्हते, जवळा बाजारला गेल्ते." भागूबाईकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

आठवडाभरातच धम्मदीप आखाडा बाळापूरला, भागूबाईच्या दारात उभा राहिला. करुणा गेल्यापासून तिची लेक आम्रपाली आजीकडंच वाढत होती.

"पोरगी द्या. मी बाप हाय. कोर्टानं निर्दोष म्हनलंय मला."

"कोर्टानं काय म्हनलं ते मला बी कळलंय," भागूबाई म्हणाली आणि दाराला आतून कडी लावली.

त्यानं पोरीच्या ताब्यासाठी अर्ज केला. भागूबाईला मोफत वकील मिळाले. पोरीचं हित पाहून कोर्ट ठरवतं, हे त्यांनी तिला समजावलं. शेवटचा निकाल लागेस्तोवर पोरगी आजीकडंच राहील, असा हुकूम झाला. भागूबाईनं हात जोडले.

"पण बापाला भेटीचा हक्क दिलाय," वकील हळूच म्हणाले. "महिन्यातून दोनदा पोरीला इथं आणावं लागेल."

"मीच आणून द्यायची? त्याच्याजवळ?"

"न आणलं, तर हुकूम मोडला असं होईल. मग ताबाही जाऊ शकतो."

पहिल्या भेटीच्या दिवशी भागूबाईनं पोरीला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या. एसटीत आम्रपालीनं विचारलं, "आजी, बाबा कसे हायेत गं?"

भागूबाईनं तिची वेणी नीट केली. "तुझे बाबा हायेत," ती कशीबशी म्हणाली.

भेटीच्या खोलीत कोर्टाची बाई बसलेली होती. भागूबाई बाहेर बाकावर बसून दाराकडं बघत राहिली. आतून पोरीचं हसू ऐकू आलं, तेव्हा तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

वेळ संपल्यावर धम्मदीप पोरीचा हात धरून बाहेर आला.

"मामी, लेकराला चांगलं सांभाळलं तुमी."

भागूबाईनं पोरीचा हात सोडवून घेतला. तिनं पोरीला आवारातल्या नळावर नेलं आणि त्यानं धरलेला तो चिमुकला हात घासून घासून धुतला.

"आजी, दुखतंय ना," आम्रपाली म्हणाली.