शेवटच्या पायरीवरून

जाकिटांच्या कारखान्यात आम्ही सव्वा तास होतो. बाहेर अडीच हजार वर्षांचा इतिहास उन्हात ताटकळत उभा होता आणि आत एक गृहस्थ आम्हा चाळीस पेन्शनरांना मेंढीचं कातडं किती मऊ असतं ते पटवून देत होते. बाहेर छत्तीस अंश तापमान होतं. माझ्या मेहुण्याने एक जाकीट चढवलं आणि घाम निथळत विचारलं, "भाऊजी, कसं दिसतंय?"

"मेंढीला बरं दिसलं असेल," मी म्हणालो.

ही सहल त्यानेच ठरवली होती. नऊ दिवसांत एकवीस स्थळं. मी होकार दिला तो त्यातल्या एकाच स्थळासाठी, आणि तेही माझं नव्हे, बायकोचं.

तिने चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दरवर्षी फळ्यावर डोंगरउतारावरच्या त्या प्राचीन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्यांची अर्धवर्तुळं काढायची आणि सांगायची, "खाली मधोमध उभं राहून कुणी कागद फाडला, तरी शेवटच्या पायरीवर ऐकू येतो." एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, तुम्ही ऐकलाय?"

बाई खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. "नाही," ती म्हणाली. वर्ग खदखदून हसला. त्याला एकोणीस वर्षं झाली. घरात अजूनही कुणी कागद फाडला की ती मान वर करते.

आमच्या सहलीच्या मॅनेजरच्या हातात झेंडी आणि गळ्यात शिट्टी असे; त्याला आम्ही शिट्टीच म्हणत असू. बसमध्ये त्याने जाहीर केलं, "काका-काकू, नाट्यगृहाला पंचवीस मिनिटं! त्यातली दहा ग्रुप फोटोला!"

"अहो, कार्यक्रमात दीड तास छापलाय," मी म्हणालो.

"काका, छापील वेगळं, बस वेगळी. जाकिटांपायी उशीर झाला ना आपल्याला."

म्हणजे उशीर आपल्याला झाला होता. तेवढ्यात त्याने अभिप्रायाचे फॉर्म वाटले. "सगळ्यांनी 'उत्कृष्ट'वर खूण करा, म्हणजे वेळ वाचेल!" वाचलेला वेळ कुठे जातो, ते एव्हाना आम्हाला ठाऊक होतं. मी पेन काढेपर्यंत मेहुण्याने माझा फॉर्म भरूनही टाकला होता. "भाऊजी, सही तेवढी ठोका." बाकी एकोणचाळीस जणांनी मुकाट्याने फॉर्म परत दिले. मी माझा खिशात कोंबला.

नाट्यगृहात पोचताच शिट्टीने कंपनीचा फलक नेमका मधोमध, तिथल्या गोल दगडावर धरला. मंडळी त्याच्यामागे दाटीवाटीने उभी राहिली. बायको सरळ पायऱ्यांकडे वळली. पंचावन्न पायऱ्या, आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे.

"काकू, फोटो!"

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही.

"ताई, गुडघे सांभाळ! खालूनच छान दिसतंय की!" मेहुणा ओरडला.

"मला बघायचं नाहीये. ऐकायचंय," ती चढता चढता म्हणाली.

फोटो तीनदा काढावा लागला, कारण दर खेपेला कुणी ना कुणी डोळे मिटत होतं. तिसऱ्या खेपेला ती शेवटच्या पायरीवर पोचली आणि एका हाताने गुडघा दाबत खाली बसली. लगेच शिट्टी वाजली. "चला, बस! मोजतोय मी! काकू, उतरा!" पुन्हा शिट्टी. पुन्हा शिट्टी.

"गीळ ती शिट्टी!" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने मी नोकरीत असतानाही कधी ओरडलो नव्हतो. "मेंढ्यांच्या कातड्यासाठी सव्वा तास बसवलंस ना? मग या बाईसाठी पाच मिनिटं उभा राहा! आणि हलव तो फलक, नाहीतर त्याच्यातच गुंडाळून बसच्या डिकीत टाकीन तुला! कुणी खोकायचंसुद्धा नाही!"

फलक हलला. कुणी खोकलं नाही. मी दगडावर जाऊन उभा राहिलो आणि तेव्हा लक्षात आलं, की हातात कागद नाही. खिसे चाचपले. एकात पासपोर्ट; क्षणभर तोही विचार मनात आला. दुसऱ्यात फॉर्म.

मी तो मधोमध धरला आणि फाडला. पुन्हा फाडला.

"भाऊजी, अहो तो फॉर्म! 'उत्कृष्ट' केलंय मी त्यावर!" मेहुणा कळवळून कुजबुजला.

"गाढव आहेस," मी ओठातल्या ओठात म्हणालो आणि आणखी दोनदा फाडला.

वर काही हालचाल दिसेना. मग ती उठून उभी राहिली आणि वर्गात बोलायची त्याच आवाजात म्हणाली,

"चार वेळा फाडलात. दोनदा आधी, दोनदा नंतर. आणि मधे माझ्या भावाला गाढव म्हणालात."

"ताई, ऐकलंस ना? मग बोल ना काहीतरी यांना!" मेहुणा म्हणाला.

"बोलते. अहो, एकदा ऐकून पुरावा होत नाही. पुन्हा फाडा."

मी शिट्टीपुढे हात पसरला. त्याच्याजवळ एकोणचाळीस 'उत्कृष्ट' होते.