डब्याखालचा कागद

माझं वजन हा आमच्या घरात थट्टेचा विषय होता, तोवर सगळं बरं होतं. मी स्टुलावर बसले की बारक्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ, स्टुलालाच विचारायचा, "काय रे, झेपतंय ना?" मीही त्याला सोडायची नाही. काडीपैलवान, वारा सुटला की खिशात दगड घालून बाहेर पडत जा, म्हणायची. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या कमरा सैल करण्यात आणि आत घेण्यात माझा जन्म गेला, स्वतःच्या कमरेकडे बघायला सवड झाली नाही.

मग बारक्याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेऊन खुर्चीत पडायचं, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. सुई टोचायला हातात जी जागा करून दिली होती ती वर्षभरात बंद पडली. दुसरी केली, तीही आता कुरकुर करायला लागली होती. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. डॉक्टरीणबाईंनी बारक्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "एवढ्या वजनावर आम्ही तुमचं मूत्रपिंड काढणार नाही. मागे एकच राहील, त्याच्यावर ताण येईल. शस्त्रक्रियेतही धोका आहे. चार महिन्यांत बाहत्तरच्या खाली या. नाही जमलं तर दात्यांच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल."

मी तेव्हा चौऱ्याऐंशी किलो होते, आणि यादीत माझ्या नावाखाली दुसरं नाव नव्हतं.

बारक्याची बायको, माझी भावजय, एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकीण आहे. तिचा हात चारशे माणसांचा. तेल ओतायला तिला पळी पुरत नाही, आख्खा मग लागतो. तीही अंगाने माझ्यासारखीच, उन्नीस-बीस. हे सगळं कळल्यावर तिने त्यांच्या घरातली तेलाची बाटली उचलली आणि स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"आता स्टुलावर चढल्याशिवाय तेल मिळणार नाही," ती म्हणाली. "आणि या गुडघ्यांनी मी काही उठसूट स्टुलावर चढत नाही."

"तू कशाला चढतेस? वजन मला कमी करायचंय."

"तुमच्या ताटात एक आणि माझ्या ताटात दुसरं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही, ताई. तुम्ही उपाशी तर मीही उपाशी."

असं आमचं सुरू झालं. ती पहाटे उठून कामावर जायच्या आधी एकाच पातेल्यात भाजी करायची, थेंबभरही तेल न घालता, नुसत्या वाफेवर. कोबी, भोपळा, फरसबी, पालक. सोबत पातळ डाळ, उकडलेलं अंडं, काकडी. त्यातलंच ती स्वतःच्या डब्यात घेऊन जायची. माझा डबा बारक्या भरायचा आणि यंत्राची वारी नसेल त्या दिवशी दुपारी चालत दुकानात आणून द्यायचा. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलंच होतं. त्याच्या वारीच्या दिवशी मी अंडी आणि काकडीवर भागवायची. उरलेली भाजी संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी बसून खायचो. बारक्याचं पथ्याचं अन्न वेगळं असायचं.

सुरुवातीला पोटात नुसते कावळे ओरडायचे. मशीनवर बसले की समोरच्या चिंधीतसुद्धा मला पाव दिसायचा. भावजय मधेच फोन करायची, "ताई, काय चाललंय?" मी म्हणायची, "मरतेय." ती म्हणायची, "मीही. पाणी प्या." तिच्यासमोर चारशे माणसांचं जेवण शिजत असायचं आणि ती चव घेऊन थुंकून टाकायची. संध्याकाळी जेवण झालं की आम्ही त्यांच्या इमारतीचे जिने चढायचो. ती पुढे, मी मागे, दोघींचेही भाते चाललेले. वरच्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून विचारायचे, "कोणी मागे लागलंय का?"

दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर वजन करायचं. माझी पर्स, चष्मा, चपला, कानातलं, सगळं भावजयीच्या हातात. काटा थोडा खाली आला की ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणायची, "शाब्बास, ताई." मी लाजेने अर्धी व्हायची. मग ती चढायची आणि मी तिची पर्स धरायची. दोन महिन्यांत मी पंचाहत्तरवर आले. दुकानात मी माझ्याच ब्लाउजांच्या बाजू आत घेतल्या, तेव्हा खरं सांगते, मला रडू आलं.

आणि तिथेच गाडी अडली.

पहिल्या आठवड्यात पंचाहत्तर. पुढच्या आठवड्यात पंचाहत्तर. मग साडेपंचाहत्तर. भावजय मात्र उतरत होती. तेच पातेलं, तीच भाजी, तेच जिने. काट्याकडे बघून आता कोणी शाब्बास म्हणत नव्हतं. परत येताना ती भरभर पुढे निघून जायची.

एकदा जिन्यावर तिने विचारलंच, "ताई, रागावू नका. दुकानात गिऱ्हाइकं काही आणून देतात का?"

"म्हणजे मी चोरून खाते, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही. पण काहीतरी पोटात जातंय. कालच नर्स सांगत होती, हातातली ही जागा फार दिवस चालायची नाही." ती पायरीवर बसली. "मला झोप लागत नाही हो. यांचा श्वास मोजत पडलेली असते मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण शेवटचं ऐकून मी पुढचा जिना चढायला लागले. हिशेब तिच्या बाजूने होता. घरी गेल्यावर मी स्वतःचाच संशय घ्यायला लागले. नकळत खाते का मी काही? चहात साखर पडते का? दुकानाचा खण उघडून बघितला, न जाणो एखादं बिस्कीट मीच ठेवलेलं सापडायचं. संध्याकाळचं जेवण अर्ध्यावर आणलं. दुसऱ्या दिवशी एका बाईंच्या अंगाचं माप घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी त्यांनाच धरून उभी राहिले. तरी काटा हलेना. आपल्यापायी भाऊ जाणार, हे एकच वाक्य मशीनच्या आवाजात ऐकू यायला लागलं.

डबा घेऊन आलेला बारक्या मला म्हणायचा, "ताई, नको एवढं जिवाला लावून घेऊस. नाही जमलं तर नाही जमलं."

"तू गप्प बस," मी म्हणायची. "आणि डब्यातलं सगळं संपवते का नाही ते बघायला रोज उभा राहू नकोस."

"एवढ्या लांबून आणतो, संपवायला नको?"

कपड्याच्या धंद्यात तेलाचा एक थेंब म्हणजे गिऱ्हाईक गेलं. म्हणून मी जेवताना टेबलावर खाकी कागद पसरते, बेतायला वापरतो तोच. त्या दिवशी बारक्या डबा ठेवून लगेच गेला, त्याला नर्सकडे हात दाखवायचा होता. डबा कलंडला होता आणि झाकणातून थोडी भाजी बाहेर आली होती. जेवण झाल्यावर कागद गुंडाळायला उचलला, तर मधोमध तळहाताएवढा डाग. मी तो उजेडाकडे धरला. डागातून पलीकडची खिडकी दिसत होती.

वाफेवरच्या भाजीने कागद ओला होतो, मान्य. ओला कागद वाळतो. मी तो पंख्याखाली धरला, इस्त्रीसुद्धा फिरवली. डाग आणखी पसरला. तेल होतं ते, आणि थेंब-दोन थेंब नव्हतं. भुकेच्या तडाख्यात माझ्या जिभेला ते कधी कळलंच नाही.

माझं डोकं सटकलं. दुकानाला कुलूप घातलं आणि कागद हातात घेऊन तरातरा कारखान्यावर गेले. कॅन्टीनच्या मागच्या दाराशी भावजय माणूसभर उंचीचं पातेलं घासून घेत होती. अंगावरचा ब्लाउज सैल पडला होता तिचा, चेहरा उतरलेला. मी काही बघितलं नाही.

"माझ्यावर आळ घेतलास ना?" मी म्हणाले. "हे बघ. मगाने ओतायची सवय सुटली नाही तुझी. भाऊ माझा मरतोय आणि तू मला तेल चारतेस?"

तिने हात पुसले. कागद घेतला, उजेडाकडे धरला, हुंगला. मग आत गेली आणि स्वतःचा डबा घेऊन आली. तिचं जेवण व्हायचं होतं. तिने माझ्या कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर तिच्या डब्यातली भाजी चमच्याने दाबली, झटकली, कागद चुलीच्या धगीवर धरला. ओल सुकून गेली. कोपरा जसाच्या तसा खाकी राहिला.

"पातेलं एकच असतं, ताई," ती हळूच म्हणाली.

आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत उभ्या राहिलो. पातेलं आणि माझं टेबल, या दोन्हींच्या मधे एकच माणूस होता.

ती मुकादमाला सांगून तशीच माझ्याबरोबर निघाली. घरी बारक्या खिडकीशी बसला होता, हाताला नवी पट्टी. भावजय थेट स्वयंपाकघरात गेली. स्टूल फळीखालीच होतं. बाटली खाली काढली तर तळाला बोटभर तेल.

"तुम्ही स्टुलावर चढत होतात?" तिने पहिला प्रश्न हाच विचारला. "या पायांनी? पडला असतात म्हणजे?"

मी कागद त्याच्यापुढे टाकला. त्याने तो उचलला नाही.

"त्या दिवशी मी दाराशीच होतो," तो म्हणाला. "डॉक्टरीण तुला सांगत होती ते सगळं ऐकलंय मी. मागे एकच राहील. शस्त्रक्रियेत धोका आहे. तुला नको म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग? पंचाहत्तरवर आलीस तेव्हा कळलं, तू उतरणारच, म्हणून तेल घालायला लागलो. तू वजनात बसली नाहीस की त्यांनीच नाही म्हटलं असतं. कोणाचा दोष नाही. तू मला हाताला धरून शाळेत सोडायचीस, ताई. तुला टेबलावर झोपवून मी जगायचं? मला नाही जमायचं."

"म्हणून मला जाड करून वाचवणार होतास?" माझा आवाज इतका चढला की शेजारचं दार वाजलं. "रोज चक्कर येत होती मला. चोर ठरले मी स्वतःच्याच नजरेत. आणि तू समोर उभं राहून बघत होतास, सगळं संपवते का ते?"

त्याने मान खाली घातली. मला वाटलं आता रडेल, आणि रडला तर मी विरघळेन. पण बोलली ती भावजय.

"ताईंची काळजी केलीत, चांगलं केलंत," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माझी केलीत का? चारशे ताटं वाढून मी काकडी खाते. ती बारीक दिसायची हौस म्हणून नाही. मला नवरा हवाय. तुम्ही माझ्या पाठीमागे माझ्याच बाटलीतून तेल काढून मला विधवा करायला निघाला होतात. एकदा तरी विचारायचं होतं."

बारक्याने तोंड हातांत झाकलं. ती पाठ फिरवून भांडी घासायला लागली. मी निघाले. जाताना दारातून म्हणाले, "उद्यापासून डबा आणायचा की नाही ते तू ठरव. मी उपाशी राहून उतरेन, पण उतरेन."

बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ झाली तरी तो आला नाही. मी एका पॅन्टची चेन तीनदा उसवून तीनदा लावली. हट्टी आहे, लहानपणापासून हट्टी. यंत्रावर जाणंच बंद केलं तर? किती दिवस निघतील?

मग दार ढकलून तो आला, धापा टाकत. डबा ठेवून रोजच्यासारखा टेकून उभा राहिला नाही. त्याने स्वतःच रोलवरून खाकी कागद फाडला, टेबलावर पसरला, डबा उघडला आणि चमचाभर भाजी कागदावर दाबली. झटकली. इस्त्री फिरवली. मग तो कागद माझ्यासमोर उजेडाकडे धरून उभा राहिला. त्यातून खिडकी दिसत नव्हती.

"बघ," तो म्हणाला.

मी बघितलं आणि जेवायला बसले. तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला.

"भीती वाटते मला, ताई."

"मलाही वाटते," मी म्हणाले. हे मी त्या दिवसापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. "फार वाटते. तरी देणार आहे. तू मला नुसतं घाबरू दे, आडवा येऊ नकोस."

महिनाभराने, तपासणीच्या दिवशी इस्पितळाच्या काट्यावर चढताना भावजयीकडे पर्स, चष्मा, चपला, कानातलं, सगळं दिलं. चष्म्याशिवाय मला आकडा दिसेना. नर्सने वाकून बघितलं, लिहिलं, आणि म्हणाली, "एकाहत्तर पूर्णांक सहा." भावजयीच्या हातातून माझी चप्पल पडली. ती तिने वाकून उचलली आणि पदराने पुसत बसली.

बारक्या भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. तो जवळ आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, अजूनही वेळ आहे. नको म्हण."

मी त्याच्या खांद्याचा आधार घेऊन काट्यावरून उतरले.

"उद्या डब्यात काय आणतोस," मी विचारलं, "भोपळा की कोबी?"

त्याने बायकोच्या हातातून माझी चप्पल घेतली आणि माझ्या पायाशी ठेवली. मग म्हणाला, "भोपळा."