गुंडाळलेलं निशाण

गोस्विनसाहेबांना गेल्या मंगळवारी पुरलं. त्यांची सोनसाखळी मुलीने रेशमी पिशवीत घालून मंडळाकडे परत केली, रीतीप्रमाणे, आणि चर्चमध्ये त्यांच्या खुर्चीवरची ढाल होती तशी रंगीत राहिली. निळ्यावर तीन पांढरे मासे. ती ढाल मीच रंगवली होती. ती आज काळी का नाही, हे सगळ्या ब्रूज शहरात आठ माणसांना ठाऊक होतं. त्यातली सहा मेली, एक मरेपर्यंत तोंड उघडणार नाही, आणि आठवा मी. ज्याच्याविषयी सभेत बोललं जातं त्याच्या हयातीत ते बाहेर काढायचं नाही, अशी आमची शपथ. मंगळवारी ती सुटली. तर ऐका.

तेव्हा मी आजच्यासारखा दारूच्या दुकानांच्या पाट्या रंगवत नव्हतो. मी बगळ्याच्या मंडळाचा चोपदार होतो. ड्यूकच्या आजोबांनी सात सरदार निवडून हे मंडळ काढलं, प्रत्येकाच्या गळ्यात सोन्याचा बगळा घातला, आणि त्यांच्या मागे एक चोपदार लावून दिला. चोपदाराने लढाईत तलवार उपसायची नाही. टेकाडावर उभं राहायचं आणि निशाणाखाली कोण उभा राहिला, कोणी पाठ दाखवली, ते वहीत लिहायचं. लढाई संपली की प्रेतांच्या अंगावरची चिन्हं पाहून नावं सांगायची, कारण तोंडं ओळखू येत नसत. शपथ एकच, डोळ्यांनी पाहीन तेच लिहीन.

मी रंगाऱ्याचा पोरगा. भिंतीवर खडूने सरदारांच्या ढाली काढताना गोस्विनसाहेबांनी मला पकडलं, आणि कान उपटायच्या ऐवजी घरी नेलं. लिहायला शिकवलं, पदरचं खाऊ घातलं. सव्विसाव्या वर्षी सगळ्या सरदारांसमोर त्यांनी माझ्या डोक्यावर पेलाभर वाइन ओतली आणि मला 'चोखनजर' हे नाव दिलं. मग स्वतःच्या हाताने मला मंडळाचा झगा चढवला. डाव्या खांद्याची नाडी त्यांनी अशी काही आवळली की ती गाठ जन्मभर अडकतच राहिली. "घातला मी, उतरवायचा पण मीच, आहे ना लक्षात?" असं म्हणून ते हसले होते. रीतच होती तशी. पण चोपदार झग्यातच मरतो, त्यामुळे ती वेळ सहसा कोणावर यायची नाही.

आता निशाणाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. सरदार रणावर येतो तेव्हा त्याचं निशाण चामड्याच्या खोळीत गुंडाळलेलं असतं. सेनापतीने हुकूम दिला की ते उलगडायचं. उलगडायच्या आधी सरदार निघून गेला तर त्याला कोणी काही म्हणत नाही. उलगडल्यावर एक पाऊल मागे गेलं की संपलं. साखळी काढून घेतात, चर्चमधल्या ढालीवर काळा रंग फासतात, आणि त्याच्या नातवंडांनाही कोणी पोरगी देत नाही.

त्या वर्षी शरदात, नदी चालत ओलांडता येते त्या उताराजवळ, बंडखोरांशी गाठ पडली. सेनापती होते आर्नूत, आमच्याच मंडळातले. पहाटे इतकी थंडी की दौतीतली शाई घट्ट व्हायला लागली. म्हणून मी एक मूर्खपणा केला. आमच्या धंद्यातले सगळेच करतात, पण म्हणून तो मूर्खपणा नाही असं नाही. शाई शेकोटीजवळ पातळ होती तोवर मी ते पान आधीच लिहून टाकलं. 'निशाणं उलगडली, तुताऱ्या वाजल्या, आणि निशाणांखाली उभे राहिले ते असे', मग सातही सरदारांची नावं. दर लढाईला हेच लिहायचं असतं, म्हटलं, वेगळं काय होणार आहे?

वेगळं असं झालं की धुकं हटेना. निशाणं खोळीतच राहिली. आर्नूतचा स्वार आला आणि गोस्विनसाहेबांशी काहीतरी बोलला. साहेब चाळीस माणसं घेऊन मागे वळले आणि माझ्या टेकाडाखालून गेले. मी खाली धावलो. "मागचा पूल धरायला सांगितलंय," ते म्हणाले, "लिहून ठेव." त्यांचं निशाण खोळीत होतं, खोळीची दोरी बांधलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तासाभराने धुकं फाटलं, निशाणं उलगडली, आणि आर्नूतने माणसं नदीत घातली. तीनशे बुडाली. तो स्वारही बुडाला.

त्या संध्याकाळी मी प्रेतं ओळखत होतो. दुसऱ्या दिवशीही. पान दुरुस्त करायचं राहून गेलं. वही रीतीप्रमाणे सेनापतीकडे गेली, शिवली गेली, तिच्यावर मोहोर बसली. आणि महिन्याभरात कानावर आलं की आर्नूत म्हणतात, गोस्विनने उलगडलेल्या निशाणाखालून पाठ दाखवली, म्हणून लढाई गेली.

वार्षिक सभा सेंट मार्टिनच्या सणानंतर भरायची. जिन्यात आर्नूत माझी वाटच पाहत होते. उंचापुरा, गोड बोलणारा माणूस. माझ्या झग्यावरचा एक धागा त्यांनी अलगद काढला.

"चोखनजर, बायको कशी आहे? तिसरं पण झालं ना तुला?"

"झालं, सरकार."

"घर मंडळाचं, लाकूडफाटा मंडळाचा. चांगलं चाललंय तुझं. आज वही बोलेल. तू मध्ये कशाला बोलतोस?"

मी वर गेलो.

सभेची रीत अशी. प्रत्येक सरदाराने आपली पाळी आली की बाहेर जायचं, दार लागायचं, आणि बाकीच्यांनी शपथेवर त्याचे दोष सांगायचे. मग त्याला आत बोलावून कानउघाडणी करायची. कोण काय बोललं हे त्याला कधीच सांगायचं नाही. खुद्द ड्यूकसुद्धा यातून सुटत नसत. त्या वर्षी ते गाउटच्या सांधेदुखीने आजारी होते, तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर साखळी ठेवून तिला सुनावलं होतं की रात्री फार जागता आणि पत्रांना उत्तर देत नाही. धाकट्यापासून सुरुवात व्हायची. एकाला सांगितलं, साठीला आलास, तंग विजारी सोड. दुसऱ्याला सांगितलं, वाइन पिऊन शपथा घेऊ नकोस, त्या पाळाव्या लागतात. नेहमी या वेळी हशा व्हायचा. त्या दिवशी कोणी हसलं नाही. सगळ्यांना शेवटच्या पाळीची धास्ती होती.

गोस्विनसाहेब सर्वांत थोरले. बाहेर जाताना त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. त्यांना काय शिजतंय याची कल्पनाच नव्हती, किंवा असेल तर माझी वही आहे म्हणून ते निर्धास्त होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दार लागलं. बाहेरच्या दगडी ओसरीत त्यांच्या फेऱ्या ऐकू यायला लागल्या. एक पाय जुन्या जखमेने ओढायचे ते.

आर्नूत उठले. दुःखी आवाज काढायची त्यांना विद्याच होती. मित्राविषयी असं बोलताना जीभ रेटत नाही, पण तीनशे बायका विधवा झाल्या, वगैरे. मग म्हणाले, "माझ्या शब्दावर जाऊ नका. वही काढा."

मंडळाचे कारभारी बावो, पांढऱ्या भुवयांचे धर्मगुरू, त्यांनी मोहोर फोडली आणि पान वाचलं. निशाणं उलगडली. निशाणांखाली उभे राहिले ते असे. गोस्विन, पहिलं नाव. म्हणजे निशाण उलगडलं तेव्हा ते तिथे होते, आणि मागे गेलेले तर सगळ्या फौजेने पाहिले होते. धाकटे सरदार टेबलाकडे बघत बसले.

"चोखनजर," बावोंनी विचारलं. हा प्रश्न दर वर्षी विचारतात आणि उत्तर ठरलेलं असतं. "हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

'पाहिलं' म्हणायचं, इतकंच. माझ्या तोंडात तो शब्द आलाही होता. घर डोळ्यांपुढे आलं, तान्ही पोर डोळ्यांपुढे आली, आणि कातलाइन, माझी बायको, सकाळी झग्यावरून हात फिरवत होती ती. बाहेर पाय ओढल्याचा आवाज थांबला. साहेब खोकले. मला वाटलं, दाराला कान लावलाय की काय यांनी. पण नाही, ते असं कधीच करणार नाहीत.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"पाहिलं नाही. ते पान मी पहाटे लिहिलं, शेकोटीपाशी. निशाणं तेव्हा खोळीत होती. आणि गोस्विनसाहेब मागे गेले तेव्हाही खोळीतच होती."

आर्नूत हसले. "बघा, ज्याचं मीठ खाल्लं त्याला वाचवायला धडपडतोय. कोणी शिकवलं रे तुला हे, की घरीच पाठ केलंस?"

"पाचवं नाव वाचा, महाराज," मी बावोंना म्हणालो.

त्यांनी बोट फिरवलं. "हुगो."

"हुगोसाहेब त्या पहाटे तापाने तंबूतच वारले. शवपेटीला खांदा तुम्ही सगळ्यांनी दिलात. माझ्या पानात ते निशाणाखाली उभे आहेत."

हुगोंच्या जागी आलेला नवा सरदार खुर्चीत चुळबुळला. ते पान आत्ताच सगळ्यांसमोर वाचलं होतं आणि मेलेला माणूस त्यात उभा आहे हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सगळे फक्त एकच नाव ऐकत होते.

"म्हणजे तू खोटं लिहिलंस," बावो हळू म्हणाले. "मग तुझ्या आजच्या शब्दावर तरी विश्वास का ठेवू?"

"नका ठेवू. पण मग या पानावरही ठेवू नका."

बावोंनी बराच वेळ भुवया चोळल्या. वहीशिवाय एकट्या सरदाराच्या शब्दावर साखळी काढता येत नाही, ते कलम स्वच्छ आहे. आर्नूतचा चेहरा पार पडला. पण तो माणूस पडून राहणाऱ्यातला नव्हता. तो बसला, साखळी नीट केली, आणि माझ्याकडे बघून जवळजवळ प्रेमाने मान हलवली.

गोस्विनसाहेबांना आत बोलावलं. बावोंनी त्यांना ऐकवलं की तुमच्यावर एक मोठा आरोप आला होता, तो टिकला नाही. मंडळ इतकंच सुचवतं की प्रार्थनेच्या वेळी घोरू नये. साहेब लालबुंद झाले. मोठा आरोप म्हणजे काय, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी टेबलावर पाहिलं. वही उघडी होती, त्याच लढाईच्या पानावर, आणि शेजारी मी मान खाली घालून उभा.

"आता चोपदाराचं," बावो म्हणाले. "न पाहता लिहिलेलं एक पान सापडलं आहे. त्याने कबूल केलंय. कुठलं पान, ते सांगता येत नाही."

मला ते ऐकताच कळलं की साहेबांना काय कळलं असणार. ज्या पोराला वाढवलं, त्याने त्यांच्यावर खोटं लिहिलं आणि आज पकडला गेला. दुसरं काय वाटणार होतं त्यांना? मी बावोंकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. पण ओठ मिटलेले. शपथ त्यांनाही होती.

मतं घेतली. पाच जणांनी झगा उतरवा म्हटलं, नाइलाजाने, खाली बघून. मग आर्नूत उठले.

"मी म्हणतो, माफ करा," ते म्हणाले. "लेकुरवाळा आहे. चूक झाली असेल, किंवा कोणी भरीला घातलं असेल. गोस्विन, तुमचाच माणूस ना हा? जाऊ द्या."

साहेबांनी आर्नूतकडे असं पाहिलं, की हाच खरा मित्र. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. सतरा वर्षं ते आर्नूतच्या घरी नाताळचं जेवायला जात राहिले.

"नको," गोस्विनसाहेब म्हणाले. "न पाहता लिहिणाऱ्याच्या अंगावर झगा नको. मी घातला होता, मीच काढतो."

ते टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आले. पाय ओढत. उजवी नाडी सुटली. डावीत त्यांची बोटं अडली. तोंड माझ्या कानाशी होतं, श्वासाला लवंगेचा वास. चोखनजर हे नाव संपलं होतं, म्हणून त्यांनी मला आईबापांनी ठेवलेल्या नावाने हाक मारली, लहानपणी मारायचे तशी.

"योस," ते कुजबुजले, "मी काय वाईट केलं होतं रे तुझं?"

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या घशापर्यंत आलं. समोर आर्नूत पापणी न लववता माझ्या ओठांकडे बघत होते. मी बोललो असतो तर शपथ मोडली असती, शपथ मोडणाऱ्याची साक्ष कोणी धरत नाही, म्हणून सभेतलं सगळं रद्द झालं असतं, आणि ते पान खरं धरून पुन्हा सुरुवातीपासून.

"उलट्या बाजूने ओढा, साहेब," मी म्हणालो. "ती गाठ अडकते."