४१७ नंबरचा ठिपका

बंदराच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे 'दुर्बीण' म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. का नाही आवडणार? आत येणाऱ्या प्रत्येक ट्रेलरच्या काचेवर आरएफआयडीचा टॅग चिकटवलेला असे. खांबांवरचे रीडर तो टिपत आणि हिच्या स्क्रीनवर त्या गाडीचा ठिपका सरकत जाई. कुठली गाडी क्रेनखाली, कुठली गेटवर, सगळं बसल्या जागी कळायचं. तिचा नवरा इथलाच ट्रेलर ड्रायव्हर, गाडी ४१७. दिवसातून दहादा ती त्या ठिपक्याकडे बघायची, आणि सुरुवातीला अगदी मायेनं बघायची बरं का.

मग एका मंगळवारी दुपारी सव्वा वाजता ४१७ वजनकाट्यामागे जाऊन उभी राहिली. वीस मिनिटं. बुधवारी पुन्हा. गुरुवारी पंचवीस! काट्यावर नवीन कारकून आली होती, फोनवर वजन सांगतानासुद्धा खळखळून हसणारी. छत्तीस टनात हसण्यासारखं काय असतं, देव जाणे!

दुर्बिणीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसरी एखादी असती तर तिनं घरी जाऊन सरळ विचारलं असतं. पण हिला वाटलं, विचारलं तर तो हसण्यावारी नेणार आणि वर आपणच वेड्या ठरणार. त्यापेक्षा हाताशी बटण होतंच की. गाडी नको तिथे रेंगाळली तर तिच्या टॅगवर लाल खूण करायची, हे हिचं कामच. महिन्यात तीन लाल झाले की गेटवाले त्या गाडीवर असलेल्या ड्रायव्हरचा गेटपास बंद करत.

तिनं पहिलं लाल दिलं. नवरा संध्याकाळी शीळ घालत घरी आला. वाईट वाटल्याचं नाव नाही! पुढच्या आठवड्यात दुसरं दिलं, तर गडी दोनदा भात मागून जेवला. "काय निगरगट्ट माणूस आहे," ती मनात म्हणाली. दर शनिवारी तिला ड्रायव्हर बदलाच्या चिठ्ठ्या मशीनमध्ये भरायच्या असत. दोन शनिवार झाले, चिठ्ठ्या खणात तशाच. तिचे डोळे त्या एका ठिपक्यावरून हलतील तर ना!

तिसऱ्या आठवड्यात सव्वा वाजता ठिपका पुन्हा काट्यामागे थांबला. तिनं दात-ओठ खात बटण दाबलं आणि जेवणाच्या सुट्टीत तरातरा काट्याकडे निघाली. आज दोघांनाही रंगेहाथ पकडायचं होतं.

४१७ तिथेच उभी होती. पायरीवर भलताच एक तरुण ड्रायव्हर डोकं धरून बसलेला, आणि शेजारी ती काट्यावरची, हसणं पार विसरून मुसमुसत होती.

"वहिनी, बरं झालं आलात," तरुण उठून म्हणाला. "दादांनी ही गाडी सोडली ना, तेव्हापासून मी चालवतोय. बदलाची चिठ्ठी तुमच्याच टेबलावर ठेवली होती. आता गेटवरून फोन आला, गाडीवर तीन लाल झाले, पास बंद. पुढच्या महिन्यात आमचं लग्न आहे हो. कोणी केलं असेल, जरा बघाल का?"

ती तशीच वळली, साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि तिन्ही लाल खुणा आपली चूक म्हणून लिहून दिल्या. त्या पोराचा पास सुटला. तिला मेमो मिळाला. खरं सांगायचं तर मेमो हातात घेतानाही तिला आतून हायसं वाटत होतं, की काट्यामागचा तो आपला नवरा नव्हता! संध्याकाळी तिनं हसत हसत सगळं नवऱ्याला सांगितलं.

तो हसला नाही.

"गाडी बदलली म्हणून मी जेवताना सांगितलं होतं तुला."

"माझं लक्ष नव्हतं हो."

"म्हणजे तुला वाटलं, तो मीच."

"हो."

"आणि तिसरं लाल दिलंस तेव्हा माझा पास जाणार, हे माहीत होतं?"

ती म्हणाली, "माहीत होतं."

"तीन आठवडे माझ्या शेजारी बसून जेवत होतीस. एकदा विचारायचं तरी."

त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सकाळी तिनं खणातल्या चिठ्ठ्या भरल्या. त्याचं नाव ५०२ समोर आलं. तो ठिपका बाहेरच्या गेटकडे सरकत होता. तिनं लगबगीनं गेटवर फोन लावला.

"५०२ बाहेर कशी चाललीय?"

"लांबची फेरी आहे, अठरा दिवसांची. दादांनी आज सकाळीच मागून घेतली. तुम्हाला बोलले नाहीत?"

गेटपलीकडे एकही रीडर नव्हता. ठिपका गेटवर क्षणभर थांबला आणि स्क्रीनवरून गेला.

"कोणाबरोबर गेलेत?" तिनं विचारलं.