गिरणीच्या आवाजाआड

मी हेडफोन. बोलणं हे माझं काम नव्हे. एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानापर्यंत नेऊन सोडायचा आणि मधे आपण गप्प राहायचं, एवढंच मला येतं. पण आता माझा उजवा कान बंद पडलाय आणि डाव्यात खरखर येते. पुरता मुका व्हायच्या आत मला राजेश्रीबद्दल सांगायचंय. तिच्या घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जाग आली ती परभणीत, स्टेशनजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात, खिळ्याला लटकलेला असताना. रोज लोक यायचे, मला कानाला लावायचे, एखादं गाणं ऐकायचे आणि परत अडकवून जायचे. एके दिवशी ढगळ शर्ट घातलेलं, दाढी तासून गुळगुळीत केलेलं एक माणूस आलं. गाणं लावलंच नाही. दुकानदाराला म्हणालं, "याचा माईक कसाय? माझ्या मागं लय आवाज असतो."

"गाणी ऐकायला माईक कशाला लागतो, दादा?"

"मला बोलायचं असतं."

तीच राजेश्री. बसमध्ये तिच्या गावापर्यंत, पोखर्णीपर्यंत, तिनं मला मांडीवर धरून ठेवलं.

देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. वडील बन्सीधर आणि मोठा भाऊ भागवत शेती बघत. आई चतुराबाई घर सांभाळत. गिरणी धाकट्या मुलाकडे, म्हणजे राजेशकडे. गावात, घरात, शाळेच्या दाखल्यात ती राजेशच होती. मी मात्र तिला राजेश्रीच म्हणणार, कारण पहिल्या दिवशी माझ्या माईकमध्ये तिनं तेच नाव सांगितलं.

दुपारी लाईट आली. तिनं गिरणी सुरू केली, घरघर वाढली, बायांचे डबे रांगेला लागले. मग तिनं मला कानावर चढवलं, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "हां, मी आले."

आपल्या भाषेत एक अडचण आहे. 'मी' म्हटलं की पुढच्याच शब्दात सांगावं लागतं, आलो की आले. राजेश्री दिवसभर घरात आलो, गेलो, जेवलो म्हणायची. गिरणी चालू असली की तिचं बोलणं शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही ऐकू जात नसे. तेवढा वेळ ती आले, गेले, जेवले म्हणायची. दळण संपून पट्टा थांबला की एखाद्या वाक्याच्या मधेच तिचा आवाज बदलायचा. "मी तर सकाळीच जाऊन आले अन्… जाऊन आलो अन् गिरणी चालू केलो." पलीकडचे समजून जायचे. कुणी हसायचं नाही.

पलीकडे तिघं होते. पेडगावचा बिरदेव, धनगराच्या घरचा. वडील येडबांबरोबर मेंढरं राखायचा, त्यामुळे त्याच्या मागे सतत बें बें चालू असायचं. देवगाव फाट्यावर टायरच्या दुकानात कामाला असलेला हरिओम, त्याच्या मागे ट्रकचे हॉर्न. या दोघांना पुरुष आवडत. आणि परभणीत नर्सिंग शिकणारी दिपाली. तिचा जीव एका मैत्रिणीवर होता आणि घरचे तिला स्थळं दाखवत होते. कुणी कुणाला कधी भेटलेलं नव्हतं. चौघं फोनवर एक खेळ खेळायचे, विमानातून एका बेटावर उतरून मारामारी करायचा. तिथंच ओळख झाली. एकदा कुण्या परक्या खेळाडूनं राजेश्रीच्या आवाजाची टर उडवली, तेव्हा बिरदेव शांतपणे म्हणाला, "ती आमची ताई हाय. नीट बोल, न्हाईतर खेळू नको." तेव्हापासून चौघांचा गट झाला. गटाचं नाव ठेवलं बाभळबन.

बेटाच्या टोकाला एक पत्र्याचं घर होतं म्हणे. खेळ सुरू झाला की ही चौघं तिथं जाऊन बसायची. बाहेर गोळीबार चालू, आणि यांचं काय, तर आज भाजी कशाची केली, कोणत्या मेंढीला पिल्लू झालं, दिपालीच्या होस्टेलच्या वरणात डाळ सापडली का. कुणी शत्रू दारात आला तर तो चौघांना एकदम मारून टाकायचा. तरी बोलणं थांबायचं नाही.

"मेलो आपण," हरिओम म्हणायचा.

"मरू दे. तू सांग पुढं, मुकादम काय म्हणाला?" राजेश्री म्हणायची.

सगळ्यांत मोठी तीच. दिपालीला मुलगा बघायला आला त्या दिवशी 'मला आधी शिक्षण पुरं करायचंय' हे एकच वाक्य किती प्रकारांनी म्हणता येतं, ते राजेश्रीनंच तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

बिरदेवचा रामहरी नावाचा सोबती होता. दोघं एकाच रानात मेंढरं चारत लहानाचे मोठे झाले आणि त्या रानाबाहेर कुणाला काही माहीत नव्हतं. रामहरीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी भावकीतला म्हणून बिरदेवला मांडवात पाणी वाटायचं काम आलं. दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, मला इथून पळून जावं वाटायलंय."

"पळू नको. लोक इचारतील. तू पाण्याचा जग हातात धर, आमी हावोत कानात."

त्या दिवशी गिरणीत एकही दळण नव्हतं. राजेश्रीनं तरीही गिरणी चालू केली आणि बोलत राहिली. हरिओम, दिपाली, सगळे आळीपाळीनं काहीबाही बोलत राहिले. बिरदेव फक्त हूं म्हणायचा. पलीकडे हलगी वाजत होती, बाया गाणी म्हणत होत्या, आणि मधे मधे त्याचा आवाज, "पाणी घ्या, काका." एकदा म्हणाला, "आता त्याला हळद लावायलेत." राजेश्रीनं माझा माईक ओठांजवळ धरला आणि नुसती म्हणत राहिली, "हाय मी. हाय मी इथं."

भागवत शेतातून आला. "खाली गिरणी कशाला फिरवायलास? दगड खराब होतेत की." तिनं गिरणी बंद केली. माईकवर हात ठेवून "पट्टा नीट करून बघायलो व्हतो" म्हणाली.

सोयाबीनच्या काढणीत तिला ताप आला. दोन दिवस तशीच गिरणीवर बसली. मला तिच्या कानाचा चटका जाणवायचा. दिपाली तिकडून सांगत होती, "ताई, रक्त तपासून घे. आजच्या आज. हा साधा ताप न्हाई, वायला हाय." राजेश्री घरात म्हणाली तेव्हा भागवत म्हणाला, "मजूर लावलेत आज. उद्या नेतो." त्याचंही खोटं नव्हतं, मजूर खरंच रानात उभे होते. संध्याकाळी गावातल्या डॉक्टरानं सुई दिली. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं, मग गाडी केली आणि परभणीच्या दवाखान्यात नेलं. डेंग्यू होता.

मला तिनं पिशवीत टाकून बरोबर नेलं. वॉर्डात फार शांत होतं. तिथं गिरणी कुठली? आई शेजारी, भाऊ दारात. ती हळू आवाजात म्हणायची, "बरा हाय मी." पलीकडचे विचारायचे नाहीत. त्यांना कळायचं, घरचे जवळ आहेत.

हरिओम देवगाव फाट्यावरून शहाळं घेऊन आला. दारातच भागवतनं अडवलं. "कोण तुमी?"

"दोस्त हाय."

"कुठला दोस्त? आमाला तर ठावं न्हाई. त्याला आराम पायजे, गर्दी करू नका."

हरिओमनं शहाळं दाराशी ठेवलं आणि खाली गेला. घरी गेला नाही, दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही बसला.

त्या दुपारी भागवत औषधं आणायला गेला आणि चतुराबाई चहा आणायला. राजेश्रीनं मला कानावर ओढलं.

"हरिओम, कुठं हायस?"

"खालीच हाव. लिंबाखाली."

"वर येऊ नको. दादा चिडतो."

"न्हाई येत. तू बोल."

"काय बोलू. मी दमले रे. लय दमले."

हरिओम म्हणाला, "तू पड. मी बोलतो." आणि तो त्याच्या मुकादमाबद्दल सांगू लागला, एका ट्रकवाल्याबद्दल, ज्याच्या टायरमध्ये घोड्याचा नाल सापडला होता. ती डोळे मिटून ऐकत होती.

चतुराबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही, पण 'दमले' त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं. त्या आत आल्या, कप ठेवला. मी तिच्या कानावरून घसरलो होतो. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून नीट बसवलं, वरून केस सारखे केले आणि स्टुलावर बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्री गेली.

पोखर्णीत सगळं रीतीनं झालं, राजेशचं म्हणून झालं. मला गिरणीच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. दहाव्याला अंगणात माणसं जमली होती. तेवढ्यात ओसरीवरून "राम राम" ऐकू आलं आणि मी ओळखलं, हा बिरदेव. मग हरिओमचा घोगरा आवाज, दिपालीचं खाकरणं. त्या घरात त्यांना ओळखणारा मी एकटाच होतो, आणि मला हाक मारता येत नव्हती. ती तिघंही एकमेकांना त्याच दिवशी पहिल्यांदा भेटली होती, परभणीच्या बसस्टँडवर.

बन्सीधर म्हणाले, "बसा." भागवतनं विचारलं, "राजेशचे दोस्त का?"

"हो," बिरदेव म्हणाला. "संगं खेळायचो फोनवर." मग त्याला राहवलं नाही. "लय जीव लावायची आमाला."

"लावायची? कोण लावायची?"

"चुकून बोलला तो," हरिओम म्हणाला.

"चुकून न्हाई, दादा," दिपाली म्हणाली.

भागवत उठला. "चहा घ्या अन् निघा. दुखवट्याचं घर हाय, माणसं बसलीत बाहेर." तो अंगणात गेला. बन्सीधर जमिनीकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं चतुराबाईंनी तिघांना गिरणीच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"दवाखान्यात झाडाखाली कोण बसायचं?"

"मी," हरिओम म्हणाला.

"खिडकीतून दिसायचास मला. वर बोलवायला पायजे व्हतं मी." त्या पिठाच्या डब्यावर बसल्या. "तुमी काय म्हणायचे त्याला?"

दिपाली म्हणाली, "राजेश्री."

चतुराबाईंनी ते नाव मनातल्या मनात म्हटल्यासारखे ओठ हलवले. "पोटात व्हतं तवा मला पोरगीच वाटायची. नाव बी काढून ठेवलं व्हतं. दुसरंच व्हतं ते. पण हे बी बरं हाय." मग म्हणाल्या, "काय बोलायची तुमच्यासंगं?"

तिघांनी सांगितलं. हळदीच्या दिवसाचंही बिरदेवनं सांगितलं, आपलं दुःख कशाचं होतं ते न लपवता. चतुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कशाला नावं ठेवली नाहीत.

निघताना त्यांनी मला खिळ्यावरून काढून बिरदेवच्या हातात दिलं. "भागवत फेकून देईल. तू वापर." आणि दाराला हात घालून थांबल्या. "वर्षश्राद्धाला या. पण बाहेर सगळ्यांसमोर ते नाव घेऊ नका. मला झेपणार न्हाई. इथं माझ्यासमोर घ्या."

तेव्हापासून मी पेडगावात आहे. एका कोकरानं माझी वायर चावली, तेव्हा उजवा कान गेला. बाभळबन अजून चालू आहे. तिघं बेटावर उतरतात, टोकाच्या घराकडे मात्र जात नाहीत.

माझं मागणं थोडंच आहे. तुमच्या घरात कुणी बोलता बोलता 'मी' म्हणून अडखळलं, पुढचा शब्द कोणता घ्यावा म्हणून तुमच्या तोंडाकडे बघायला लागलं, तर तुम्ही घाई करू नका. त्याला नाही तर तिला, जे असेल ते, वाक्य पुरं करू द्या. मी फार अर्धी वाक्यं ऐकली आहेत.

घरात कुणी नसलं की कधी कधी चतुराबाईंचा फोन येतो. बिरदेव रानात असतो, मला डाव्या कानाशी धरतो. "माझी राजेश्री लहानपणी लय खोडकर व्हती," असं काहीतरी त्या सुरू करतात. बोलता बोलता अंगणात भागवतची गाडी वाजते. मग त्या मोठ्यानं "बरं मावशी, ठेवते आता," म्हणतात आणि फोन बंद होतो. बिरदेव मला लगेच काढत नाही. तसाच कानाशी धरून उभा राहतो, आणि मेंढरं पुढं निघून जातात.