लाल मुठीच्या दोन पट्ट्या

"सांगून कोणाला खरं वाटणार नाही, म्हणून मी हे सहसा सांगतच नाही," असं मेस्त्री त्या सकाळी तिसऱ्यांदा म्हणाले आणि सांगायला लागले.

समोर गॅरेजच्या दारात उलट्या खोक्यावर ब्रेकराव बसले होते. गाडी शिकवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती आणि त्या वीस वर्षांत उजव्या पायाला अशी सवय लागली होती की नुसतं बसलं तरी तो मधूनच जमिनीवर दाबला जाई. हातात चहाचा ग्लास, पाय ब्रेकवर, अशी त्यांची बैठक.

"ही रबरी नळी बघा. बोटभर तुकडा. इंजिनातलं तेल बघायची पट्टी असते ना, तिच्या मुठीवर चढवला, बस्स. या तुकड्यानं एक अख्खी बाजारपेठ वाचवली."

"नळीनं?"

"नळीनं! आगीच्या बंबाची तेलाची पट्टी अशा खबदाडात होती की कोणाला सापडायचीच नाही. मी तिला ही लाल मूठ बसवली. दुसऱ्या दिवशी वर्दी आली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, लाल मूठ दिसली, तेल बघितलं, घातलं आणि बंब असा सुसाट सुटला, असा सुटला की आग लागायच्या आधीच पोचला. लोक म्हणाले, अहो थांबा जरा, अजून लागायचीय!"

ब्रेकरावांना ठसका लागला. चहा विजारीवर सांडला, पाय कचकन जमिनीवर दाबला गेला.

मेस्त्रींच्या अशा बऱ्याच युक्त्या होत्या आणि प्रत्येक युक्तीला एकेक गोष्ट होती. पट्टीवर तेल कमी असल्याची खूण असते तिथे कानशीने एक खाच आणि भरल्याच्या खुणेवर दोन खाचा. पट्टीचं टोक सँडपेपरने घासून खरखरीत केलेलं. तेल ओतायला बाटलीचा गळा कापून केलेलं नरसाळं. गिऱ्हाइकं हसत, कौतुक करत आणि आपापल्या गाडीला तसंच करून मागत. म्हातारा रिकाम्या वेळात काहीतरी उद्योग करतो, एवढंच सगळ्यांना वाटे.

खरी गोष्ट अशी होती की मेस्त्रींना पट्टीवरचं तेल दिसत नव्हतं.

दोन वर्षं झाली होती. नजरेच्या बरोबर मधोमध एक राखाडी डाग बसला होता, ओल्या काचेवर कोणी अंगठा फिरवावा तसा. कडेकडेचं धुरकट का होईना दिसे. म्हणून चालताना ते कुठे धडकत नसत. पण जे बघायला जावं तेच नेमकं पुसलेलं असे. मग त्यांनी हाताला शिकवलं. पट्टी पुसायची, बुडवायची आणि टोकापासून वर अंगठ्याचं नख सरकवत न्यायचं. घासलेलं पोलाद कोरडं असेल तर नखाला खरखर लागे, तेल असेल तर नख बुळबुळीत सरके. कुठल्या खाचेपाशी खरखर सुरू होते ते कळलं की झालं.

हे कोणाला सांगायची सोय नव्हती. गॅरेज आता लेक चालवत होती. पाने-हातोडे, इंजिनं, तीन कामगार, सगळं तिच्या हातात. बापाकडे तिने तेल, पाणी आणि हवा एवढंच ठेवलं होतं, तेही एका अटीवर. "बाबा, ज्या दिवशी डोळे नाही म्हणतील त्या दिवशी तुम्ही घरी बसायचं. गाडीत माणसं बसतात." तिने त्यांना डोळे तपासायलाही नेलं होतं. तिथे ते बाकावर ताटकळत असताना आतला माणूस तक्ता मोठ्याने वाचत होता. मेस्त्रींनी तो ऐकून पाठ केला आणि आपली पाळी आली तेव्हा असा खणखणीत म्हणून दाखवला की डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर मी बघितली नाही.

घरी बसायचं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. खिडकी, खुर्ची आणि गोष्ट ऐकायला समोर भिंत.

"मेस्त्री, लवकर बघा हो!" नर्सबाईंची गाडी दारात येऊन थांबली. बाई निम्म्या खाली उतरल्या, निम्म्या आतच. "वरच्या वाडीत पोचायचंय. पहिलटकरीण आहे, पहाटेपासून कळा येतायत."

नर्सबाईंची गाडी जुनी, पेट्रोलची आणि तेलाच्या बाबतीत खादाड. दर आठवड्याला लिटरभर तरी गिळायची. तेल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा कधीच मेला होता, म्हणून बाई न चुकता मेस्त्रींकडे येत. शेजारीच ब्रेकरावांची डिझेल गाडी बॉनेट उघडून उभी होती.

एका वेळी एक गाडी, हा मेस्त्रींचा स्वतःपुरता नियम. एरवी पाळलाही असता. पण समोर ऐकणारा होता आणि गोष्ट रंगात आली होती. ब्रेकरावांच्या गाडीची पट्टी एका हातात होतीच, बाईंचीही त्यांनी खेचून काढली आणि दोन्ही हवेत नाचवत, बंबवाल्यांच्या साहेबाने आपल्याला कसा सलाम ठोकला ते दाखवलं. मग दोन्ही एकाच फडक्यात पुसल्या आणि एकेक करून आत सरकवल्या.

कारखान्यातून येताना एकीची मूठ पिवळी होती, एकीची काळी. आता दोन्हींवर मेस्त्रींचीच लाल नळी होती.

बाईंच्या गाडीची पट्टी त्यांनी परत काढली. नख सरकवलं. दोन खाचांपर्यंत बुळबुळीत.

"भरलेलं आहे. थेंब घालायला नको."

"काय सांगता! गेल्या आठवड्यात तर खडखडाट होता." नर्सबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"मेस्त्रींचा हात लागला की गाडीसुद्धा डाएट करते, बाई," मेस्त्री म्हणाले.

बाई हसल्या आणि गेल्या. मेस्त्री ब्रेकरावांच्या गाडीकडे वळले. तिथे पट्टी टोकापर्यंत कोरडी लागली. "अहो, तुमची गाडी उपाशी आहे की!" म्हणत त्यांनी नरसाळं लावून चांगलं दीड लिटर तेल ओतलं.

ब्रेकरावांनी गाडी चालू केली आणि मागून असा पांढरानिळा धूर सुटला की समोरचं दुकान दिसेनासं झालं.

"मेस्त्री! अहो, ही पेटली की काय!"

"बंद करा! बंद करा आधी!"

मेस्त्रींनी धावत येऊन पट्टी उपसली. तेल तिच्यावरून निथळत होतं. काय झालं ते त्यांना कळेना. मग कोण जाणे कसं, त्यांनी पट्टीची मूठ कोपराच्या खोबणीत धरून ती हातालगत लावली. ब्रेकरावांच्या पट्टीची लांबी त्यांच्या हाताला पाठ होती; टोक मधल्या बोटाच्या पुढे दोन पेरं जायला हवं होतं. ते बोटापाशीच संपलं.

ही आखूड होती. ही नर्सबाईंची.

म्हणजे ब्रेकरावांची लांब पट्टी नर्सबाईंच्या गाडीत होती. दोन पेरं जास्त खोल जाऊन तळाचा गाळसुद्धा तिने भरलेला म्हणून दाखवला होता. आणि खडखडाट झालेली गाडी घेऊन बाई घाट चढत होत्या.

चाळीस वर्षांत मेस्त्रींच्या हातून नट सुटला होता, पाना हरवला होता, एकदा तर एका गाडीत चहाचा ग्लास राहिला होता. पण भरलेलं आहे असं सांगून त्यांनी कोणाला कोरडं पाठवलं नव्हतं.

"फोन लावा बाईंना," ते म्हणाले.

ब्रेकरावांनी लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना बाई फोन उचलत नसत.

आतून लेक हात पुसत आली. "कसला धूर हा? बाबा, काय झालं?"

तेव्हाच सांगता आलं असतं. सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. "पोरी, गाडी काढ. नर्सबाईंना गाठायला हवं. त्यांच्या इंजिनात तेल नाही."

"आत्ता तुम्हीच बघितलंत ना?"

"बघितलं. पण जाताना आवाज ऐकला मी. या कानांना इंजिनाचं पोट कळतं, तुला माहितीय."

लेकीने एकदा बापाकडे बघितलं, एकदा धुराकडे. मग तेलाचा डबा उचलला. "तुम्ही गाडी हलवू नका," ती ब्रेकरावांना म्हणाली. ब्रेकराव कसली हलवतात! त्यांचा पाय मघापासून जमिनीत रुतला होता.

ती गाडी काढेपर्यंत मेस्त्रींनी एक काम उरकलं. हातातली आखूड पट्टी त्यांनी शर्टाच्या लांब बाहीत सारली, टोक वर दंडाकडे आणि मूठ मनगटापाशी. तिथे पोचल्यावर गुपचूप बदलायची, कोणाला कळायचं नाही. पुसायचं भानच राहिलं नाही.

रस्ता चढाचा, वळणावळणांचा. मेस्त्री एक हात काठीसारखा ताठ धरून बसले होते. मधल्या डागात रस्ता गिळला जात होता आणि प्रत्येक वळणावर त्यांना उलटलेली गाडी दिसत होती, जी खरी कुठेच नव्हती. तेलावाचून चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं तर घाटात काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि वर वाडीत कोणी एक पोरगी दात आवळून वाट बघत असेल.

"पोरी," ते म्हणाले.

"हं?"

"एक सांगायचं होतं."

"सांगा."

"एकदा एक गाडी होती…" असं त्यांच्या तोंडून निघालं. त्यांना ते सांगायचं नव्हतं. पण चाळीस वर्षं तोंड उघडलं की गोष्टच बाहेर आली होती. लेकीने गिअर बदलला. गोष्ट तिथेच राहिली.

पाचव्या वळणावर नर्सबाईंची गाडी कडेला उभी होती. बॉनेट वर, बाई हातात बॅग घेऊन रस्त्याच्या मधोमध, कोणी येतंय का बघत. उलटलेली नव्हती. मेस्त्री दार धरून उतरले.

"टकटक वाजायला लागलं, म्हणून बंद केली," बाई म्हणाल्या. "तुम्ही कसे आलात? देवासारखे!"

लेकीने पट्टीबिट्टी बघितली नाही. सरळ झाकण उघडून तेल ओतायला लागली, गळागळा, अडीच लिटर. मग किल्ली फिरवली. इंजिन आधी खडखडलं, डब्यात खडे हलवल्यासारखं. हळूहळू खडखड बसली आणि गाडी आपल्या नेहमीच्या सुरात गुरगुरायला लागली.

"वाचली," लेक म्हणाली. तिने गाडी बंद केली. "तेल खाली उतरू दे. पाच मिनिटांनी पट्टी बघते, मग निघा."

पाच मिनिटं. मेस्त्री उघड्या बॉनेटकडे पाठ करून उभे राहिले. ताठ हात मागे नेला. बोटांना इंजिनावरची लाल मूठ सापडली.

"पण मेस्त्री," नर्सबाईंनी विचारलं, रागाने नाही, नुसत्याच चक्रावून, "सकाळी तुम्ही भरलेलं म्हणालात. थेंब नको म्हणालात."

"होतंच भरलेलं! या डोळ्यांनी बघितलं मी. दोन्ही खुणा पार करून वर आलं होतं, मधासारखं चमकत होतं." मागच्या हाताने ते मूठ ओढत होते. पट्टी अर्धी वर आली आणि अडकली. "तुम्हाला खोटं वाटेल, पण काही गाड्यांना चढाची भीती वाटते. वाटते म्हणजे काय, घाम फुटतो! तेलाचा घाम. एका व्यापाऱ्याची गाडी होती, घाट नुसता लांबून दिसला तरी टपटप गळायची. शेवटी तिच्या पुढच्या काचेवर आम्ही सपाट रस्त्याचं चित्र चिकटवलं, तेव्हा कुठे…"

इथे ऐकणारा हसतो, हे त्यांना माहीत होतं. ते थांबले आणि हसण्याची वाट बघितली. कोणी हसलं नाही. म्हणून त्यांनी हात पुढे आणून, चित्र केवढं होतं ते मापून दाखवलं.

"एवढं मोठं! मी स्वतः रंगवलं होतं. आणि आज सकाळी तर मी दोनदा निरखून बघितलं, बाई, उजेडात धरून…"

नर्सबाई बॅग खाली ठेवून त्यांच्या जवळ आल्या होत्या. त्या मेस्त्रींच्या डोळ्यांत बघत होत्या, रोग्याच्या डोळ्यांत बघावं तसं.

लेक जागची हलली नाही.

"बाबा, पुरे," ती म्हणाली. "तुमच्या बाहीतून दंडापासून मनगटापर्यंत तेल उतरलंय. आता हातावरून ठिबकतंय, आम्ही दोघी मघापासून तेच बघतोय. तुम्हाला दिसत नाहीये, बाबा."