साडेपाच हजारांच्या पुढचा आवाज

मी एक जुने इंजिन आहे. लंडनजवळ हाउन्सलोच्या एका वर्कशॉपमध्ये लाकडी पॅलेटवर ठेवलेले, आतले ऑइल काढून टाकलेले. उद्या सकाळी भंगाराचा ट्रक येईल. पण मित्रांनो, पलीकडच्या खोलीत मी अजून चालू आहे. तेच सांगायचे आहे.

माझा जन्म १९९८ सालचा, जपानमधला. माझ्या माथ्यात सोळा झडपा आहेत. त्या हवा आत घेतात, धूर बाहेर सोडतात. साध्या इंजिनाच्या झडपा नेहमी एकाच मापाने उघडतात. माझ्या दोन मापांनी. मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत थोड्या. त्यापुढे ऑइलच्या दाबाने आत एक खिळी सरकते, आणि त्याच झडपा जास्त उघडतात. माझा आवाज तिथे एकदम बदलतो. एकाच घशातून दुसरेच कुणी बोलू लागावे, तसा.

जवळच्याच मेडनहेड गावच्या शशिधर यांनी मला गाडीसकट २००३ मध्ये आणले आणि एकोणीस वर्षे चालवले. पत्नी अर्चना हीथ्रो विमानतळावर कामाला होत्या. ते त्यांना रोज सोडत. पाणी तापले म्हणजे ऑइल तापले असे नव्हे, हा त्यांचा नियम. पहिली दहा-बारा मिनिटे ते मला मुळीच पळवत नसत.

"अहो, विमानं उडाली! तुमचं तेल तापतंय अजून," अर्चनाबाई म्हणत. ते हसत.

रविवारी ते मुलीला, ईशिताला, मराठीच्या वर्गाला नेत. एम-फोर महामार्गावर चढणाऱ्या स्लिप रोडवर म्हणत, "ईशू, आता ऐक." आणि माझा दुसरा आवाज निघे. त्यांच्याखेरीज घरच्यांपैकी तो तिनेच ऐकला होता. अर्चनाबाई शेजारी असल्या की साडेपाच हजार जवळ येताच ते पाय उचलत. बाईंना वेगाची भीती वाटे.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये शशिधर गेले. गाडी दोन वर्षे घरापुढे कव्हरखाली उभी राहिली. बॅटरी संपली, पत्रा गंजला. मेकॅनिकने माझ्यात केसाएवढी चीर शोधली. "दोनदा-तीनदा चालेल. मग नाही," तो म्हणाला.

ईशिता रेसिंग सिम्युलेटर, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीचे गेम, बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे. नव्या गेममध्ये मी दोन्ही आवाजांसह असावे, असा तिने हट्ट धरला. गेममधल्या इंजिनांचे गणित तिचा सहकारी देव याच्याकडे होते.

"एक स्मूद कर्व्ह पुरे, ईशिता. लोक कॉर्नर बघतात, झडपा नाही."

"तिथे कर्व्ह नाही, स्टेप आहे. बाबा त्या स्टेपवर हसायचे."

"बाबांना मी कोडमध्ये कसं घालू?" देव बोलून गेला. मग न विचारता तिच्यासाठी चहा करून आणला.

मार्चमधल्या एका मंगळवारी मला गाडीतून काढून कंपनीच्या वर्कशॉपमधल्या टेस्ट स्टँडवर चढवले. तापमानाचा काटा नॉर्मलवर येताच देवने वेग वाढवला. साडेपाच, सहा, साडेसहा हजार. काही झाले नाही. माझी ऑइलची जाळी वयाने बुजत आली आहे. थंड, घट्ट ऑइल खिळीपर्यंत पोचत नाही. पण हे मी कुणाला सांगणार?

"सॉरी," देव म्हणाला. "लहान होतीस तू. मोठं वाटलं असेल."

ईशिताने घरी जाऊन आईला सांगितले.

"तेल तापू दिलंत का?" अर्चनाबाईंनी विचारले.

"गेज नॉर्मल होता, आई."

"ते पाण्याचं गं! तेल मागाहून तापतं. त्यापायी मी रोज उशिरा पोचले, मला नको शिकवूस."

बुधवारी त्या स्वतः आल्या. कोट न काढता, पर्स मांडीवर घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या. मी मंद चालत होते.

"आंटी, झालं?" चार मिनिटांनी देवने विचारले.

"घाई असेल तर बस पकड."

बाराव्या मिनिटाला त्यांनी मान हलवली. साडेपाच हजारांना खिळी सरकली, आणि मी बोलले.

अर्चनाबाई उठून उभ्या राहिल्या. पर्स खाली पडली.

"कोण हे?" त्यांनी विचारले.

"बाबा इथे हसायचे," ईशिता म्हणाली.

"माझ्यापुढे कधी नाही." त्या माझ्याजवळ आल्या. "पुन्हा कर रे."

"आंटी, चीर वाढलीय."

देवने मला बंद केले. पुन्हा कुणी चालवले नाही.

देवने मात्र माझा दुसरा आवाज गेममध्ये घातला, आणि त्याच्या आधीचे थांबणेही. ऑइल तापू न देणाऱ्याला तो ऐकू येत नाही. बग आहे, अशा तक्रारी येतात. देव लिहितो, "बग नाही. थांबा."

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. थंड यंत्राला पळवू नका, आणि ते बोलले नाही म्हणून मुके ठरवू नका. त्याच्यासाठी थांबलेले कुणी असते, त्याला ऐकलेले कुणी असते. त्यांना वेळेत एकत्र बसवा.

आज पलीकडच्या खोलीत गेमच्या स्टीअरिंगवर अर्चनाबाई आहेत. बारा मिनिटे त्या अगदी हळू चालवत होत्या. आता माझा आवाज भिंतीतून चढत येतो आहे, आणि इथे माझ्यात ऑइलचा थेंब नाही. पाच हजार. पाच हजार चारशे. इथे शशिधर पाय उचलत.

अर्चनाबाईंनी उचललेला नाही.